गेटवे ते घारापुरी लाँचसेवा : प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने एक परीक्षण

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचसेवेबद्दल जे काही लिहिले जाते, त्यात लेणी, महेशमूर्ती, माकडे आणि जेटीवरची छोटी गाडी यांना भरपूर जागा मिळते. समुद्रावरचा साधारण तासाभराचा जाण्याचा आणि तेवढाच येण्याचा प्रवास मात्र ‘मजा आली’ एवढ्यावर आटोपला जातो. हे परीक्षण त्या प्रवासापुरतेच आहे. लाँचवर चढल्यापासून परतीला पुन्हा गेटवेच्या पायऱ्यांवर पाय ठेवेपर्यंत प्रवाशाच्या जिवाची काळजी किती आणि कशी घेतली जाते, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला होता. मत आधीच सांगतो. सेवा वापरण्याजोगी आहे आणि पूर्वीपेक्षा सुधारलेली आहे. परंतु ही सुधारणा बहुतांशी लाइफ जॅकेटपाशी येऊन थांबली आहे, आणि माणूस प्रत्यक्षात जिथे घसरतो, चेंगरतो किंवा अडकतो त्या जागा अजून जशाच्या तशा आहेत. या मार्गावर अनेक मालकांच्या लाँच चालतात. आम्ही ज्या लाँचने गेलो आणि ज्या लाँचने परतलो, त्यांची नावे येथे देत नाही, कारण जे दिसले ते एका मालकापुरते आहे असे मला वाटत नाही.

जॅकेटची सक्ती कशातून आली, हे बहुतेकांच्या स्मरणात असेल. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक स्पीडबोट ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर उरणकडच्या कारंजा गावाजवळच्या समुद्रात आदळली. या अपघातात एकूण १५ जणांचा मृत्यू झाला. ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी अशी परवानगी असलेल्या त्या बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, आणि धडक बसली त्या क्षणी बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. धडकेचा दोष प्रवासी बोटीकडे जात नाही. मात्र धडकेनंतरच्या काही मिनिटांत कोण वाचणार आणि कोण नाही, हे माणसांची संख्या, जॅकेट आणि बाहेर पडण्याची वाट या तीन गोष्टींवर ठरते. त्यानंतर लगेचच महाराष्ट्र सागरी मंडळाने प्रत्येक प्रवाशाला जॅकेट घालणे बंधनकारक केले. त्यामुळे हे परीक्षण लिहिताना मी या तीन गोष्टींकडे विशेष लक्ष दिले, आणि चौथी माझ्या पदरची जोडली: भरती-ओहोटी.

सुरुवात चढण्यापासून. गेटवेला लाँच दगडी पायऱ्यांना लागते. मुंबईत उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे पाच मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे सकाळी जी पायरी पाण्याखाली असते ती संध्याकाळी शेवाळासह उघडी पडते. लाँच लाटेबरोबर वर-खाली होत असते, पायरी मात्र जागची हलत नाही, आणि या दोहोंमधल्या फटीवरून प्रवाशाला पाय टाकावा लागतो. आमच्या वेळी एक खलाशी लाँचच्या काठावर आणि दुसरा पायरीवर उभा होता. लाट वर आली की ‘आता’ म्हणायचे, दंडाला धरायचे आणि उचलूनच आत घ्यायचे, ही त्यांची पद्धत मला मनापासून आवडली. माझ्या आईचे वय सत्तरीपुढचे आहे. तिला त्या दोघांनी ‘आई, खाली बघू नका, माझ्याकडे बघा’ असे म्हणत इतक्या अलगद घेतले की तिला फट दिसलीच नाही. या कौशल्याला माझ्याकडून पूर्ण गुण. तरीही हे कौशल्य त्या दोन माणसांचे आहे, व्यवस्थेचे नाही. कठडा असलेली लहानशी फळी, पायऱ्यांवरचे शेवाळ रोज खरवडणे, पायरीला धरायला साखळी किंवा दोर, यांपैकी काहीही तेथे नव्हते. गर्दीच्या वेळी लाँच एकमेकींना खेटून बांधतात आणि पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे ओलांडत जावे लागते. तेव्हा दोन लाँचच्या मधली फट पायरीच्या फटीपेक्षाही वाईट, कारण दोन्ही बाजू हलत असतात. लहान मुलाचा पाय त्यात अडकला तर तो चिरडायला एक लाट पुरेशी आहे.

भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हा फरक जास्त जाणवेल. २०२० पासून चालू असलेल्या त्या सेवेत माणूस सपाट रॅम्पवरून चालत आत जातो, चाकाची खुर्चीही जाते, आणि फट ओलांडण्याचा प्रसंग येत नाही. मुंबईच्या एकाच बंदरात, तीच भरती आणि तीच ओहोटी असताना, एका मार्गावर हे साधले आहे. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी नव्या जेटीचा प्रकल्प हाती घेतला गेला आहे. त्या जागेविषयी रहिवाशांचे आक्षेप न्यायालयात गेले, आणि त्या वादात पडण्याचे येथे कारण नाही. पण जेटी कोठेही झाली तरी तिला तरता धक्का आणि पाण्याच्या पातळीबरोबर कलणारा पूल असावा, एवढी अपेक्षा प्रवासी म्हणून ठेवावीशी वाटते.

आता जॅकेट. आमच्या लाँचवर ती पुरेशी होती, आणि चढल्याबरोबर प्रत्येकाच्या हातात दिली गेली. लाँच सुटण्यापूर्वी एका खलाशाने फेरी मारून ज्यांनी घातले नव्हते त्यांना घालायला लावले. हे काही वर्षांपूर्वी या मार्गावर पाहायला मिळत नव्हते; तेव्हा जॅकेटे छताखाली दोरीने बांधलेली असायची आणि ती दोरी सोडायला किती वेळ लागेल याचा विचारही कोणी करत नसे. म्हणून ही सुधारणा खरी आहे आणि ती नोंदवली पाहिजे. परंतु जॅकेट अंगावर असणे आणि ते नीट बांधलेले असणे यांत मोठे अंतर आहे. मी माझ्या आसपासच्या रांगा पाहिल्या. कोणाचे बकल तुटलेले होते आणि तेथे नाडीची गाठ मारली होती, कोणी पट्टा न आवळता नुसतेच जाकिटासारखे अडकवले होते, कोणी तर उकडते म्हणून अर्धवट काढून मांडीवर घेतले होते आणि त्याला कोणी टोकले नाही. आमच्याबरोबर माझी सहा वर्षांची भाची होती. तिला मोठ्या माणसाचे जॅकेट दिले गेले. ते तिच्या खांद्यांवरून वर सरकत कानांपर्यंत येत होते. असे जॅकेट पाण्यात पडताक्षणी वर निघून जाते आणि मूल खाली राहते. लहान मापाचे जॅकेट आहे का, असे विचारल्यावर खलाशाने शोधाशोध करून एक आणून दिले. म्हणजे ते लाँचवर होते, फक्त मागितल्याशिवाय मिळत नव्हते.

जांघेतून घ्यायचा पट्टा हा आणखी एक दुर्लक्षित भाग. जॅकेट वर सरकू नये म्हणून तो असतो, आणि मुलांच्या बाबतीत तर तो असायलाच हवा. आमच्या जॅकेटांपैकी बहुतेकांना तो नव्हता. ज्यांना होता, त्यांत साडी नेसलेल्या बायकांना तो कसा घ्यायचा हे सांगणारे कोणी नव्हते. माझ्या आईसाठी आम्ही कमरेचा पट्टा पोटावर घट्ट आवळला आणि त्यावर गाठ मारली. निघताना दोन मिनिटे एखाद्या खलाशाने समोर उभे राहून मराठीत आणि हिंदीत एवढेच करून दाखवले असते की पट्टा असा आवळा, शिट्टी येथे आहे, लाँच कलली तर एका बाजूला धावू नका, उतरायचे ते या बाजूने, तर जॅकेटची किंमत दुप्पट झाली असती. विमानात हे प्रत्येक वेळी होते. येथे ते झाले नाही, आणि या सेवेतली माझ्या मते सर्वांत स्वस्तात भरून काढता येण्याजोगी उणीव हीच आहे.

कोठे बसावे, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रवाशाच्या स्वतःच्या हातात असलेली ही गोष्ट आहे. लाँच दुमजली असते आणि वरच्या डेकवर बसण्यासाठी थोडे जास्त पैसे घेतले जातात. वारा, दृश्य आणि छायाचित्रे यांसाठी लोक आनंदाने वर जातात. परंतु जितकी जास्त माणसे वर, तितका बोटीचा भार वर सरकतो आणि कललेली बोट पुन्हा सरळ होण्याची ताकद कमी होते. वरचा डेक किती माणसांसाठी आहे, याची पाटी मला दिसली नाही. पैसे घेताना मोजणीही होत नव्हती. खालच्या मजल्यावर दुसरी अडचण आहे. तेथे छत आहे, बाके दाटीवाटीने आहेत, आणि फोमचे जॅकेट घातलेला माणूस बोटीत पाणी शिरल्यावर छताकडे ढकलला जातो. बुडी मारून दारातून निघणे त्याला कठीण जाते. म्हणून जॅकेट काढावे असा याचा अर्थ मुळीच नाही. खालच्या मजल्यावर, उघड्या बाजूच्या बाकावर, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ बसावे, आणि सामान वाटेत ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या लाँचवर मधली वाट पाठीवरच्या पिशव्यांनी आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांनी अर्धी अडली होती. या खुर्च्या जमिनीला जखडलेल्या नसतात. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवायची सोय म्हणून त्या ठेवलेल्या असोत वा नसोत, लाँच कलली की त्या सगळ्या एका बाजूला जाऊन साचणार, हे उघड आहे.

हिवाळ्यात या मार्गावर कुरव पक्ष्यांचे थवे लाँचच्या मागे लागतात आणि प्रवासी त्यांना वेफर्स आणि कुरकुरे टाकतात. पक्षी ज्या बाजूला, त्या बाजूला सगळी गर्दी. आमच्या डोळ्यांदेखत वरच्या डेकवरची बरीच माणसे डाव्या कठड्याला जाऊन भिडली आणि लाँच स्पष्टपणे त्या बाजूला झुकली. सुकाणूवरच्या तांडेलने ओरडून त्यांना मागे बोलावले, आणि त्याबद्दल त्याला धन्यवाद; पण दहा मिनिटांनी पुन्हा तेच. ज्यांना हे क्षुल्लक वाटते त्यांनी रामदास बोटीची आठवण करावी. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. वादळी वारा आणि पाऊस होता, मोठी लाट आली, आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला सरकले, असेच त्या दिवसाचे वर्णन आजवर सांगितले जाते. अलिबाग आणि उरणकडच्या किती तरी घरांत ही आठवण अजून निघते. घारापुरीची लाँच त्याच बंदराच्या पाण्यातून जाते.

मुंबई बंदर हे काही पर्यटकांसाठी मोकळे ठेवलेले तळे नाही. गेटवेहून निघाल्यावर नौदलाच्या नौका, नांगरलेली मालवाहू जहाजे, तेलाचे टँकर लागणारे जवाहर द्वीप आणि पलीकडे न्हावाशेव्याला जाणारी कंटेनर जहाजे, या सगळ्यांच्या वाटा ओलांडत लाँच जाते. अरुंद खोल मार्गातून चाललेल्या मोठ्या जहाजाला २० मीटरपेक्षा लहान बोटीने अडथळा करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि त्यामागचे कारण सोपे आहे: ते जहाज पटकन थांबू शकत नाही आणि खोल मार्ग सोडून वळू शकत नाही. आमच्या तांडेलने एका कंटेनर जहाजासाठी वेग कमी करून त्याला पुढे जाऊ दिले आणि मागे उठलेल्या लाटांना लाँचचा नाळेकडचा, म्हणजे पुढचा, भाग सामोरा केला. हे त्याने कोणाला सांगितले नाही, कोणाच्या लक्षातही आले नसावे, पण सुरक्षित प्रवास म्हणतात तो असा असतो. मात्र सुकाणूजवळ आणखी एक माणूस फक्त पाहण्यासाठी उभा असावा, असे मला वाटते. तांडेल एकटा होता, त्याच्या डाव्या अंगाला वरच्या डेकवर जाणाऱ्यांची रांग उभी होती, आणि तिच्यामुळे त्या दिशेचे पाणी त्याला नीट दिसत नव्हते. वेगाने येणारी बोट पाहायला मिळणारे क्षण थोडे असतात, आणि ते रांगेमुळे वाया जाऊ नयेत.

घारापुरीची जेटी गेटवेच्या मानाने बरी आहे. बेटाभोवती चिखलाचा उथळ पट्टा असल्यामुळे ती समुद्रात बरीच लांबवर आलेली आहे आणि म्हणूनच तिच्यावर ती छोटी गाडी चालते. उतरण्याची जागा रुंद आहे, धरायला काही तरी आहे, आणि खलाशी येथेही हात देतात. जेटीच्या कडेला मात्र पुरेसा कठडा नाही आणि छायाचित्रांसाठी लोक अगदी टोकाला जातात. ओहोटीला खाली दिसणारा चिखल घट्ट जमिनीसारखा भासतो. त्यावर उतरून चालण्याचा मोह कोणीही करू नये, मुलांना तर मुळीच उतरू देऊ नये.

या सेवेचे परीक्षण फक्त पर्यटकांच्या नजरेने करणे अपुरे आहे. घारापुरी हे उरण तालुक्यातले गाव आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून २०१८ च्या फेब्रुवारीत तेथे वीज पोहोचली, म्हणजे लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यावर एकतीस वर्षांनी. पर्यटकांची शेवटची लाँच संध्याकाळी निघून गेली की बेट मागे उरते, आणि मग कोणाला छातीत दुखू लागले किंवा एखादी बाळंतीण अडली तर तेच पाणी रात्री, मिळेल त्या होडीतून ओलांडावे लागते. लेण्यांच्या पायऱ्यांवर लिंबू-सरबत विकणाऱ्या एका मावशींशी आई बोलत बसली होती. पर्यटकांना जॅकेट देतात ते बरे करतात, असे त्या म्हणाल्या. पण रात्री उरणकडे जाताना आमच्या होडीत कोण जॅकेट देतो, आणि उरणच्या मोरा धक्क्यावर रुग्णवाहिका आधीच येऊन उभी असेल याची खात्री कोण देतो, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो या संपूर्ण परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. बेटावरच्या प्रत्येक वस्तीत जॅकेटांचा एक संच, जेटीवर रात्रभर दिवा, तेथेच लावलेला वायरलेस संच आणि रात्रीपाळीला ठरलेली एक बोट, यांचा खर्च पर्यटकांकडून वर्षभर जमा होणाऱ्या तिकिटाच्या पैशापुढे फार मोठा असणार नाही. जे बेट पाहण्यासाठी आपण पैसे देतो, त्या बेटावरच्या माणसाचा प्रवास आपल्या प्रवासापेक्षा धोक्याचा असू नये.

आणि संकटाच्या वेळी पर्यटकांना आधी हात देणारेही याच पाण्यात वावरणारे लोक असतात. नीलकमलच्या वेळी जवळ असलेली मुंबई बंदराची पायलट बोट आणि इतर लहान बोटी आधी पोहोचल्या, मागोमाग नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एका प्रवासी बोटीत पाणी शिरले तेव्हा गस्तीवर असलेल्या पोलिसांच्या बोटीने ८८ जणांना सुखरूप काढले, कारण ती बोट त्या क्षणी तेथे होती. म्हणून लाँचवर बिनतारी संच चालू आहे का आणि सगळे खलाशी बुडणाऱ्याला वाचवण्याचे शिक्षण घेतलेले आहेत का, हे तपासणाऱ्यांनी जॅकेटांच्या संख्येइतक्याच काटेकोरपणे पाहिले पाहिजे. प्रवाशांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि ११२ हा क्रमांक निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला तर तो उपयोगी पडण्याची शक्यता वाढते.

परतीचा प्रवास जाण्यापेक्षा जास्त जोखमीचा आहे, आणि याची दोन कारणे आहेत. पहिले कारण गर्दीचे. जाताना माणसे सकाळभर टप्प्याटप्प्याने निघतात. येताना सगळ्यांना चार ते साडेपाचच्या दरम्यान निघायचे असते. आमच्या तिकिटावर परतीला कोणत्याही लाँचमध्ये बसता येत होते, ही सोय प्रवाशाला बरी वाटते, पण त्यामुळे कोणत्या लाँचवर किती जण चढणार हे आधी ठरत नाही आणि जेटीवर मोजणारा माणूस असेल तरच आकडा राहतो. आम्ही परतलो त्या लाँचवर मोजणी झाली नाही. उभे राहिलेलेही लोक होते. मी आणि माझ्या बहिणीने ती लाँच सोडून पुढची धरावी असे ठरवले होते, पण पुढची शेवटचीच असेल असे सांगितल्यावर आईसाठी आम्ही चढलो. असा निर्णय प्रवाशावर टाकला जाऊ नये. लाँचच्या बाजूवर परवानगीची प्रवासी-संख्या मोठ्या मराठी आकड्यांत रंगवलेली असावी, जेटीच्या तोंडाशी एका माणसाने हातातल्या मोजणीयंत्राने मोजावे, आणि संख्या पुरी झाली की दोर आडवा धरावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

दुसरे कारण वाऱ्याचे आणि ओहोटीचे. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा हिशेब आपल्याकडच्या जुन्या माणसांना पाठ असतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, अमावास्या आणि पौर्णिमेला बाराच्या आसपास. याचा अर्थ असा की अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत दुपारनंतर पाणी उतरू लागते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमके शेवटच्या लाँच गेटवेला पोहोचतात तेव्हा, ओहोटी तळाला असते; पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडलेल्या, हिरव्या आणि निसरड्या. त्यातच दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो, आणि बाहेर जाणारे ओहोटीचे पाणी व आत येणारा वारा एकमेकांवर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. मार्च ते मे या महिन्यांत हे जास्त जाणवते. आम्ही गेलो तो दिवस पौर्णिमेच्या जवळचा होता. परतताना पाण्याचे शिंतोडे खालच्या बाकांवर येत होते आणि उतरताना पायऱ्यांवर एक मध्यमवयीन गृहस्थ गुडघ्यावर पडले. सकाळी ज्या खलाशांनी आईला अलगद घेतले होते, तसे दोघे परतीच्या लाँचवरही होते, परंतु अंधार पडत होता, पायऱ्यांवर उजेड पुरेसा नव्हता आणि सगळ्यांना एकदम उतरायचे होते. ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांना माझा सल्ला आहे की दिनदर्शिका पाहून अष्टमी-नवमीच्या जवळचा, म्हणजे भांगाचा दिवस निवडावा. त्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक कमी असतो आणि संध्याकाळी पायऱ्यांपाशी पाणी वर असते. सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एकीने जावे आणि तीनच्या आत परतीला निघावे. लेणी सोमवारी बंद असतात, हे वेगळे सांगायला नको.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. मे महिन्याच्या अखेरीस मांडव्याच्या लाँच बंद होतात. घारापुरीची सेवा मात्र बंदराच्या आतल्या पाण्यातली असल्यामुळे हवामान पाहून अधूनमधून चालते. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की कोळी होडी बाहेर काढत नाहीत, हे पर्यटकानेही प्रमाण मानावे. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज दोन्ही मोफत पाहता येतात. तौक्ते वादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेले तेव्हा गेटवेच्या संरक्षक भिंतीची हानी झाली होती. त्या किनाऱ्याला बंदराचा आडोसा आहे म्हणून तो नेहमीच शांत राहील असे समजू नये. लाँचच्या तिकीटखिडकीपाशी त्या दिवसाचा इशारा, भरती-ओहोटीच्या वेळा आणि शेवटच्या लाँचची वेळ फळ्यावर खडूने लिहून ठेवली तर शंभर माणसांचे प्रश्न एका फळ्याने सुटतील. आम्हाला असा फळा दिसला नाही.

आता गुणांकन. खलाशांचे कौशल्य आणि वागणूक यांना पाचपैकी साडेचार. जॅकेटांच्या उपलब्धतेला चार, ती घालण्याच्या शिस्तीला आणि मुलांच्या मापांना दोन. घारापुरीच्या जेटीला तीन, गेटवेच्या पायऱ्यांना एक. परतीच्या मोजणीला शून्य, कारण मोजणी झालीच नाही. एकंदर पाचपैकी अडीच. धडधाकट माणसांनी, मुलांचे जॅकेट मागून घेऊन आणि दिवस पाहून, जरूर जावे; महेशमूर्तीसमोर उभे राहण्यासाठी एवढी काळजी घेणे सार्थकीच लागते. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांना उधाणाच्या दिवसांत नेऊ नये. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, गेटवेला तरता धक्का होईपर्यंत, या मार्गाने नेण्याची शिफारस मला करता येत नाही. आमच्या परिचयातले एक शिक्षक आपल्या चाळीस विद्यार्थ्यांची सहल याच मार्गाने नेण्याच्या विचारात आहेत. त्यांना मी कळवले आहे की मुलांच्या मापाची चाळीस जॅकेटे आदल्या दिवशी मोजून पाहिल्याशिवाय, आणि सगळ्या मुलांना दोन्ही वेळा एकाच लाँचच्या खालच्या मजल्यावर बसवण्याचे मालकाकडून लेखी घेतल्याशिवाय, सहलीची तारीख पालकांना सांगू नये.